बीपी नॉर्मल होतं, मग मेंदूत रक्तस्राव झालाच कसा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे अण्णा ७३ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. दारू-तंबाखू नाही, शुगर नाही, बीपी कधी १४० च्या पुढे गेलेलं नाही. ‘आता वय झालं’ म्हणून पाच वर्षांपूर्वी कुणीतरी रोजची ॲस्पिरिन लावून दिली, ती चालूच राहिली. दोन महिन्यांपूर्वी सकाळी पेपर वाचता वाचता त्यांना ओळीचा उजवीकडचा भाग दिसेना, आणि चहा मागायला गेले तर शब्दच सापडेना. सीटीत मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, मागच्या बाजूला रक्ताची गाठ निघाली. नंतरच्या एमआरआयवर शेरा आला : मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड साचल्याची दाट शक्यता. आता फॅमिली डॉक्टर म्हणतात ॲस्पिरिन परत सुरू करा, न्यूरोसर्जन म्हणतात नको. हे अमायलॉइड हृदयात, किडनीतही जाणार का, असं तुम्ही विचारलंय. आणि तुम्ही भावंडं धास्तावली आहात, की हे आपल्यालाही होणार का.

गोळीचं उत्तर आधी देतो, कारण घरातला वाद त्यावरच अडलाय. हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, पूर्वीचा लकवा यांपैकी अण्णांना खरोखरच काही झालेलं नसेल, तर ती ॲस्पिरिन परत सुरू करायला मला एकही कारण दिसत नाही. ती मुळात सुरू व्हायलाच नको होती, असं माझं मत आहे. सत्तरी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना ‘खबरदारी म्हणून’ रोज ॲस्पिरिन दिल्याने काय होतं, हे पाहणारी एक मोठी चाचणी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाली. १९ हजारांहून जास्त माणसं होती. २०१८ मध्ये निकाल आला : निरोगी आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढले. तरीही आपल्याकडे साठी उलटली की औषधाच्या डब्यात ही पट्टी असतेच. शेजाऱ्याला दिली म्हणून आपल्यालाही, असंही चालतं.

आता मूळ प्रश्न. आपल्या देशात मेंदूतल्या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण बीपीच आहे, यात वाद नाही. पण बीपीचा रक्तस्राव होतो कुठे? मेंदूच्या खोल गाभ्यात, मेंदूच्या देठात, लहान मेंदूत. तिथे मोठ्या वाहिनीतून थेट काटकोनात बारीक फांद्या निघतात आणि दाबाचा मारा त्यांच्यावर बसतो. अण्णांची गाठ तिथे नव्हती. ती मेंदूच्या सालीजवळ होती, मागच्या खंडात. वयस्कर माणसाच्या मेंदूत सालीजवळ, पृष्ठभागाला लागून रक्तस्राव दिसला की आमच्या डोक्यात अमायलॉइडची घंटा वाजते, बीपी असो वा नसो.

हे अमायलॉइड बाहेरून आलेलं काही नाही. मेंदूतल्या पेशी काम करताना एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पाडत असतात, त्यातलाच हा एक छोटा तुकडा. तुमच्याआमच्या मेंदूतही या क्षणी तो तयार होतोय. तरुणपणी तो धुऊन निघतो. निघण्याची एक वाट रक्तवाहिन्यांच्या भिंतींतूनच जाते. वय वाढलं की ही वाट तुंबते, आणि कालव्यात गाळ बसावा तसा हा तुकडा भिंतीत थरावर थर बसत जातो. भिंतीतल्या स्नायूपेशी, ज्यांच्या जोरावर वाहिनी आकुंचन पावते, त्या एकेक करून मरतात आणि त्यांची जागा हा गाळ घेतो. शेतात वर्षानुवर्षं उन्हात पडलेला प्लास्टिकचा पाइप पाहिलाय ना? दिसायला धड असतो, पण जरा वाकवला की तडकतो. भिंतीचं तसं होतं. म्हणून बीपी नॉर्मल असतानाही ती फुटू शकते. शौचाला जोर लावला म्हणून, टीव्हीवर मॅच बघताना चिडले म्हणून, असली कारणं शोधत बसू नका. त्या दिवशी अण्णांनी काहीही चुकीचं केलेलं नाही.

नावाची गंमत सांगतो. १८५४ मध्ये फिरखो नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने आयोडीन टाकल्यावर स्टार्चसारखा रंग देणाऱ्या अशा साठ्याला ‘अमायलॉइड’, म्हणजे स्टार्चसारखा पदार्थ, म्हटलं. पुढे कळलं की हा स्टार्च नसून प्रथिन आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि प्रथिनही एकच नाही. शरीरातली कितीतरी वेगवेगळी प्रथिनं चुकीच्या घडीत दुमडली की असा साठा होतो, सगळ्यांनाच आपण अमायलॉइड म्हणतो. हृदयातलं वेगळं, किडनीतलं वेगळं, मेंदूतलं वेगळं. त्यामुळे अण्णांच्या मेंदूत हे सापडलं म्हणून ते हृदयात किंवा किडनीत पसरणार, असं नाही. त्यासाठी चाचण्या करत फिरू नका.

मेंदूतल्या या तुकड्याचा शोध जॉर्ज ग्लेनर आणि त्यांचे सहकारी वाँग यांनी १९८४ मध्ये लावला. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून त्यांनी तो वेगळा काढला. म्हणजे ज्या प्रथिनाभोवती आज अल्झायमरचं एवढं संशोधन फिरतं, ते पहिल्यांदा हाती लागलं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत. ग्लेनर स्वतः १९९५ मध्ये गेले ते अमायलॉइडनेच, पण त्यांचं अमायलॉइड हृदयातलं, वेगळ्या प्रथिनाचं होतं.

अल्झायमरचं नाव काढलं म्हणून तुम्ही घाबरला असाल. दोन्हींत एकच प्रथिन असलं तरी हे दोन आजार एक नाहीत. अल्झायमरमध्ये ते मुख्यतः पेशींच्या मधल्या जागेत साचतं, इथे वाहिन्यांच्या भिंतीत. बऱ्याच जणांत दोन्ही थोडंथोडं असतं. अण्णांची विचारांची गती मंदावेल, नियोजन जमेनासं होईल, उत्साह मावळेल, हे होऊ शकतं आणि पुढच्या काही वर्षांत त्यावर लक्ष ठेवायला हवं. पण आजच ‘अण्णांना अल्झायमर झालाय’ असं नातेवाइकांना सांगू नका. ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही.

‘दाट शक्यता’ असं का लिहिलं, खात्रीने का नाही? कारण पूर्ण खात्री फक्त मेंदूचा तुकडा तपासूनच होते. काँगो रेड हा मुळात कापडाचा रंग. तो लावून विशिष्ट प्रकाशात पाहिलं की अमायलॉइड सफरचंदी हिरवं चमकतं. एवढ्यासाठी कुणी मेंदू उघडत नाही. म्हणून बोस्टनच्या न्यूरॉलॉजिस्टांनी नव्वदच्या दशकात एमआरआयवरून अंदाज बांधायचे निकष केले. त्यांची ताजी आवृत्ती २०२२ ची आहे. त्यात ‘दाट शक्यता’ हा शब्द मोजूनमापून वापरलाय. वय पन्नास किंवा जास्त, रक्तस्रावाच्या खुणा फक्त सालीकडच्या भागात, खोल गाभ्यात एकही नाही, आणि अशा खुणा दोन तरी हव्यात, किंवा एक खूण आणि सोबत पांढऱ्या भागातले ठरावीक बदल. हे जुळलं की आम्ही उपचारासाठी ते निदान पक्कं धरूनच चालतो.

इथे एमआरआयचा एक क्रम फार महत्त्वाचा, त्याला एसडब्ल्यूआय म्हणतात. लहानपणी नदीच्या वाळूतून चुंबक फिरवलंय? वाळू सगळी सारखीच दिसते, पण चुंबकाला काळा चुरा चिकटून येतो. एसडब्ल्यूआय तेच करतं. वर्षांपूर्वी ठिबकलेल्या रक्ताच्या थेंबातलं लोह मेंदूत तसंच पडून असतं, साध्या एमआरआयवर दिसत नाही, यात काळा ठिपका होऊन उमटतं. अण्णांच्या रिपोर्टमध्ये तुम्ही जे ‘सूक्ष्म रक्तस्राव, सात-आठ’ वाचलंत, ते हेच. ते आत्ताचे नाहीत, त्यातले काही वर्षानुवर्षं जुने असतील. अजून एक ओळ शोधा : सालीच्या घड्यांवर काळी रेघ ओढल्यासारखं काही लिहिलंय का? असेल तर परत रक्तस्राव होण्याची शक्यता जास्त धरावी लागते. माझ्या मते ठिपक्यांच्या आकड्यापेक्षा ही रेघ जास्त मोलाची आहे. सेंटरला जाताना एसडब्ल्यूआय झालंय ना, हे नावाने विचारून घ्या. घाईत कधी कधी तेच राहून जातं. जुना पेसमेकर असल्याने एमआरआय करता येत नसेल तर सीटीवरूनही अंदाज लागतो : रक्त मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पसरलेलं आणि गाठीला बोटांसारखे फाटे फुटलेले असतील तर संशय बळावतो.

आता एका चुकीबद्दल सांगतो, ती माझी स्वतःची आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक शिंपीकाम करणारे आजोबा माझ्याकडे आले. हाताच्या बोटांत मुंग्या सुरू व्हायच्या, मग त्या मनगट, कोपर असं करत वर सरकायच्या, शेवटी ओठाच्या कडेला पोचायच्या. सात-आठ मिनिटांत सगळं साफ. दोन आठवड्यांत चार वेळा. मी ‘छोटा लकवा, मोठ्याची पूर्वसूचना’ असं धरलं आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लिहून दिल्या. साध्या एमआरआयमध्ये काही नव्हतं, एसडब्ल्यूआय मी मागवलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी ते मोठा रक्तस्राव होऊन आले. वाचले, पण सुई परत हातात धरता आली नाही.

छोटा लकवा बहुतेक वेळा एकदम येतो, सगळा हात एकाच वेळी बधिर होतो. मुंग्या हळूहळू सरकत जातात, पुन्हा पुन्हा तशाच त्याच वाटेने येतात, तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावर ठिबकलेलं रक्त सालीला डिवचत असू शकतं. दोन्हींचा उपचार एकमेकांच्या उलट. अण्णांना गेल्या वर्ष-दोन वर्षांत असं काही झालं होतं का, हे त्यांना शांतपणे विचारा. म्हातारी माणसं ‘मुंग्या आल्या होत्या’ एवढं सांगतात आणि आपण ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ म्हणून सोडून देतो.

परत होईल का? होऊ शकतं, आणि हे मी लपवणार नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतून निघणारा अंदाज असा, की या आजारात एकदा रक्तस्राव झालेल्या शंभर जणांपैकी साधारण सात जणांना पुढच्या एका वर्षात परत होतो. बीपीच्या रक्तस्रावात हा आकडा शंभरात एकाच्या आसपास आहे. म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव जणांचं ते वर्ष रक्तस्रावाविना जातं, तेही लक्षात ठेवा.

हा आकडा खाली आणण्यासाठी आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार बीपीच आहे. आत्ताच मी म्हणालो की अण्णांचा रक्तस्राव बीपीमुळे नाही, मग हे काय? पाइप उन्हाने कडक झालाय हे खरं, पण पंपाचा दाब कमी ठेवला तर तो जास्त दिवस टिकतो. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत लकवा होऊन गेलेल्या हजारो लोकांना बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या अमायलॉइडच्या संशयित रक्तस्रावांचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटलं. अशा रक्तस्रावांची एकूण संख्या मोजकीच होती, म्हणून आकडा तंतोतंत धरू नका, पण दिशा स्पष्ट आहे. अण्णांचं १३८ हे ‘नॉर्मल’ आता नॉर्मल नाही. वरचं १३० च्या खाली, खालचं ८० च्या खाली, आणि चक्कर येत नसेल तर त्याहून थोडं कमी. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री, पाच मिनिटं बसल्यावर मोजून वहीत लिहा. लोणचं-पापड-फरसाण यांचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दुखण्याच्या गोळ्यांचं तेवढंच महत्त्वाचं. गुडघे दुखले की केमिस्टकडून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेनसारखी गोळी अण्णांना चालणार नाही. या गोळ्या रक्तस्रावाला हातभार लावतात आणि बीपीही चढवतात. पॅरासिटामॉल चालेल. वैद्यांकडचे काढे, कॅप्सूल, परदेशातून आलेले डबे, जे काही घेत असतील ते सगळं एका पिशवीत घालून तपासणीला आणा. बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, ओल्या फरशीवर रबरी पाट टाका. अण्णांच्या बाबतीत डोक्याला साधा मारही हलक्यात घेऊ नये.

ज्यांना स्टेंट आहे किंवा हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांनी मात्र हे वाचून गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा. ब्रिटनमध्ये ५३७ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. रक्तस्रावानंतर ॲस्पिरिनसारखी गोळी परत सुरू केल्याने रक्तस्राव वाढलेले दिसले नाहीत. म्हणून हृदयासाठी खरीच गरज असेल तर आम्ही कार्डिऑलॉजिस्टशी बोलून एकच गोळी, कमी मात्रेत देतो. अनियमित ठोक्यांसाठीच्या जास्त जोरकस गोळ्यांबाबत प्रकरण नाजूक होतं. तिथे हृदयातल्या ज्या कोपऱ्यात गुठळी होते तो कोपरा एका छोट्या उपकरणाने बंद करून टाकायचा पर्याय आहे. खर्चीक आहे, पण योग्य माणसात तो विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेतल्या भाच्याने तुम्हाला अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल कळवलंय. ती अल्झायमरसाठी आहेत. तिथे २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. ती अमायलॉइड खरोखर काढतात, अडचण तीच आहे. भिंतीत स्नायू उरलेला नाही, गाळाच्या आधारानेच भिंत उभी आहे, तो गाळ घाईने उपसला तर काय होईल? मेंदूला सूज येणं आणि रक्त ठिबकणं हे त्या इंजेक्शनांचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. अण्णांसारखा मोठा रक्तस्राव होऊन गेलेल्या किंवा चारपेक्षा जास्त ठिपके असलेल्या रुग्णांना ती देऊ नयेत, असंच तज्ज्ञांचं सांगणं आहे. भाच्याला प्रेमाने नाही म्हणा. हे प्रथिन तयारच कमी व्हावं म्हणून एका वेगळ्या औषधाची याच आजारात चाचणी चालू आहे. त्यावर माझं लक्ष आहे, पण आज देण्यासारखं काही नाही.

एक अपवाद मात्र सांगून ठेवतो. क्वचित या साठ्याविरुद्ध शरीर स्वतःच पेटून उठतं आणि मेंदूला सूज येते. काही आठवड्यांत माणूस बदलतो, गोंधळतो, डोकं दुखतं, फिट येते. तो प्रकार स्टेरॉइडने बऱ्याचदा छान सुधारतो. अण्णांच्यात असा झपाट्याने फरक दिसला तर ‘आता वयच झालं’ म्हणून घरी थांबू नका.

तुम्हा भावंडांचं. वंशाने येणारा प्रकार आहे, पण तो अगदी दुर्मीळ. नेदरलँड्समध्ये समुद्राकाठी कॅटवाइक नावाचं जुनं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या पन्नाशीच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होत आले. १९९० मध्ये कारण सापडलं : त्याच प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. आई-वडिलांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आइसलँडमध्येही असाच आनुवंशिक प्रकार आहे, तिथे प्रथिन वेगळं आणि रक्तस्राव तिशीच्या आसपासच. अण्णांना त्र्याहत्तराव्या वर्षी झालाय, घरात आजोबा-काका-आत्या कुणाला नाही. हा म्हातारपणाचा, तुरळक होणारा प्रकार आहे, वारशाने येणारा नव्हे. लॅबवाले एपीओई नावाच्या जनुकाची तपासणी सुचवतील. त्याचे काही प्रकार धोका थोडा वाढवतात हे खरं, पण निकाल काहीही आला तरी तुम्ही काय वेगळं करणार? तेच पैसे बीपीच्या मशीनला घाला आणि तुम्हीही दंडाला बांधून बघा. चाळिशी झालीच असेल.

अण्णांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड, अमुक तारखेला रक्तस्राव. उद्या अचानक हातपाय गळाले, बोलणं गेलं, तर इमर्जन्सीतला डॉक्टर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देण्याचा विचार करील. त्याला ते देण्याआधी हे कळायलाच हवं. आणि तसं काही झालंच तर सीटी असलेल्या हॉस्पिटलात थेट जायचं, ‘आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू’ म्हणून वाट वाकडी करायची नाही. पहिल्या काही तासांत बीपी पटकन आणि जपून खाली आणण्यावर बरंच अवलंबून असतं. गाठ काढायची की नाही हा निर्णय तिथल्या न्यूरोसर्जनवर सोडा. सालीजवळच्या मोठ्या गाठी बारीक नळीतून काढण्याने फायदा होतो, असं २०२४ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलंय.

स्कूटर बंद. उजवीकडचं दिसत नसताना चौकात उजवीकडून येणारी एसटी त्यांना दिसणार नाही, आणि आपल्याला दिसत नाही हेही त्यांच्या लक्षात येणार नाही. निदान नजरेची नीट तपासणी होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा.

पेपर मात्र वाचू द्या. पहिल्या काही महिन्यांत नजर आपोआप थोडी परतते. तोवर ओळीच्या शेवटी डाव्या हाताचं बोट ठेवून बोटापर्यंत वाचत जायचं, असं त्यांना सांगा. काहींना पेपर आडवा धरून, ओळी वरून खाली आणून वाचणं जास्त जमतं. मुख्याध्यापकांना हे विचित्र वाटेल, पण दोन दिवस करून बघू देत. सुरुवातीला नुसते मथळे, मग छोट्या बातम्या. अग्रलेख महिन्याभराने.